लायकर्गस पेला हिरव्याचा लाल कसा होतो?

काचेत विखुरलेल्या सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. चौथ्या शतकातला हा रोमन पेला आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बाहेरून उजेड पडला की तो गढूळ हिरवा दिसतो, आत दिवा धरला की माणकासारखा लालभडक. कण साधारण ५० ते १०० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). ते हिरवा प्रकाश परत फेकतात, लाल आरपार जाऊ देतात. सोन्याचं प्रमाण दहा लाखांत ४० भागांच्या आसपास, म्हणजे नगण्यच! त्या कारागिरांना नॅनो वगैरे ठाऊक असणं शक्य नाही. तरी भट्टीवर त्यांचा हात किती बसलेला होता ते यातून कळतं.

पण रंगाच्या नादात लोक कोरीवकाम विसरतात, आणि मला तेच जास्त थोर वाटतं. आधी जाड काचेचा पेला फुंकून घेतला, मग बाहेरची काच घासत-कोरत आकृत्या सुट्या केल्या. मूळ भांड्याशी त्या जागोजागी सोडलेल्या बारीक दांड्यांनी जोडलेल्या आहेत. एक धक्का, की सगळी मेहनत वाया. पेल्यावर कोरलेल्या, द्राक्षवेलीत जखडलेल्या ग्रीक पुराणकथेतल्या लायकर्गस राजाचं अंग तर मागून पोखरून पातळ केलंय, जेणेकरून आतला उजेड त्याच्यातूनही झिरपावा.