एप्रिलचा बर्फ: तुमचे प्रश्न

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर): एप्रिलमध्ये ग्रुपने मनालीच्या वर बर्फात ट्रेकला जातोय. थंडी संपली म्हणजे हिमस्खलनाचं टेन्शन नाही ना?

आहे की! फक्त प्रकार बदलतो. दिवसा ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो, पाणी आत झिरपतं, दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ओला जड बर्फ उतारावरून सरकायला लागतो. कोरड्यापेक्षा हळू येतो पण त्याच्या वजनापुढे माणूस काय करणार. त्यात वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फ आणणारी वादळं, एप्रिलमध्येही येतात, रात्री ताजा बर्फ आणि सकाळी कडक ऊन असं झालं की त्या दिवशी हॉटेलातच बसा. सिक्कीममध्ये ४ एप्रिल २०२३ ला गंगटोक-नाथुला रस्त्याजवळ हिमस्खलनात ७ पर्यटकांचा जीव गेला, तेही भर दिवसा, आणि ते काही गिर्यारोहक नव्हते, आपल्यासारखेच फिरायला आलेले.

प्रश्न (राजेंद्र नगर): गाइड रात्री २ ला उठवतो, १० पर्यंत परत आणतो आणि पैसे पूर्ण दिवसाचे घेतो. फसवतोय का?

नाही हो, असा गाइड सोडू नका. वसंतात सगळा खेळ रात्री बर्फ गोठला की नाही यावर असतो. आकाश मोकळं असेल तर उष्णता निघून जाते आणि पहाटे वर कडक थर मिळतो, पण ढग असले तर बर्फ रात्रभर ओलाच राहतो, मग २ ला उठून पण उपयोग नाही. ऊन आधी पूर्वेच्या उतारावर, मग दक्षिणेच्या, दुपारी पश्चिमेच्या, त्याच हिशोबाने उतार सोडत जायचं. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, किंवा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की परत फिरा, शिखर ५० मीटरवर असलं तरी.

प्रश्न: मग उत्तरेकडचा उतार सेफ ना, तिथे ऊनच नाही?

इतकं सोपं नाही. तिथे थंडीत तळाशी दाणेदार साखरेसारखा भुसभुशीत थर तयार होतो जो महिनोन्‌महिने टिकतो, आणि उशिरा का होईना पाणी तिथपर्यंत पोचलं की वरचं सगळं एकदम सुटतं. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर जास्तच सांभाळा. आणि तुम्ही सपाटीवर असाल पण डोक्यावर तसा उतार असेल तर तेही धोक्यातच, हे लोक विसरतातच.

प्रश्न (विजय नगर): बीकन महाग आहे, मोबाइल अॅप चालेल?

नाही चालणार. बीकन म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं-पकडणारं छोटं यंत्र, ते ४५७ किलोहर्ट्झवर चालतं, फोनला ते जमत नाही. प्रत्येकाकडे बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, नुसतं लीडरकडे असून काय फायदा, तोच गाडला गेला तर? पहिल्या १०-१५ मिनिटांत काढलं तर जगायचे चान्स चांगले, अर्ध्या तासानंतर फार कमी, आणि रेस्क्यू टीम तेवढ्यात पोचत नसते. निघायच्या आधी चंदीगडच्या डीजीआरईचं (संरक्षण खात्याची संशोधन संस्था) हिमस्खलनाचं बुलेटिन बघा, पण ते पूर्ण भागासाठी असतं, तुमच्या समोरच्या उताराचं तुम्हालाच बघावं लागेल.