मित्र गेला, उसने पैसे कुणाकडे मागू?

प्रश्न : जून 2023 मध्ये शेजारगावच्या मित्राला बोअर आणि ठिबकसाठी 3 लाख रुपये माझ्या बँक खात्यातून दिले. हातउसने, बिनव्याजी. ‘मागशील तेव्हा परत करीन’ अशी चिठ्ठी लिहून त्यानं रेव्हेन्यू तिकिटावर सही केली. 12 फेब्रुवारी 2024 ला 40 हजारांचा चेक दिला, तो वटला. पुढे तो अचानक वारला. मुलगा म्हणतो, ‘आबांचा व्यवहार आबांबरोबर गेला.’ आता पेपरात जाहीर नोटीस आली आहे : मित्राच्या नावचा एनए (बिगरशेती) प्लॉट वारस विकत आहेत, हरकत असल्यास 15 दिवसांत कळवा. काय करू? वहिनींच्या दारात जाऊन पैसे मागायला जीव धजत नाही.
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर : अंक हाती पडेपर्यंत ते 15 दिवस उलटले असते, म्हणून तुम्हाला आधीच फोन केला. इथे बाकीच्यांसाठी लिहिते.

मुलगा म्हणतो ते अर्धं खरं आहे. बापाचं कर्ज मुलानं फेडणं हे धर्मकर्तव्य, असं पूर्वी कोर्टही मानायचं. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली आणि त्यानंतरच्या कर्जांपुरतं ते संपलं. त्याच्या पगाराला, त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेल्या मोटारसायकलला तुम्हाला हात लावता येणार नाही. पण वडिलांचं जे त्याच्या हाती आलं, तेवढ्यापुरता तो बांधलेला आहे. प्लॉट, बँकेतल्या ठेवी, शेतातला मित्राचा हिस्सा, यांतून तुमचे 2 लाख 60 हजार मागता येतात. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे नॉमिनीला मिळाले असतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नका, ते मृताच्या देण्यातून मोकळे असतात.

तुमची खरी अडचण कोर्टात दावा लावायच्या मुदतीची होती. ‘मागशील तेव्हा’ लिहिलंय, म्हणजे मागेपर्यंत मुदत सुरूच होत नाही, असं जवळजवळ प्रत्येक जण समजतो. मीही वकिली सुरू करेपर्यंत तसंच समजत होते. अशा उसनवारीत तीन वर्षं मोजायची ती पैसे दिल्या दिवसापासून. म्हणजे जून 2026 ला तुमचा दावा मुदतबाह्य झाला असता. वाचवलं त्या चेकनं. मुदतीच्या आत, सहीनिशी काही रक्कम परत आली की तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. तेव्हा 11 फेब्रुवारी 2027 ही शेवटची तारीख धरा. माणूस गेला म्हणून ही मोजणी थांबत नाही, आणि मुलाच्या तोंडी ‘बघू’ला तर काहीच किंमत नाही.

आता जाहीर नोटीस. नोटीस देणाऱ्या वकिलांना लेखी हरकत पाठवा, चिठ्ठीची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. बिचकलेला खरेदीदार बऱ्याचदा वारसांना म्हणतो, आधी हे मिटवा. मात्र नुसत्या हरकतीनं खरेदीखत अडत नाही. प्लॉट तुमच्याकडे गहाण नव्हता, त्यामुळे त्यावर तुमचा बोजा नाही. बँकेचा असेल तर ती तुमच्या आधी. प्लॉट विकून पैसे पांगवायचा बेत दिसत असेल तर वसुलीचा दावा लावून त्यातच ‘निकालापूर्वी जप्ती’चा अर्ज द्यावा लागतो. घाईची कारणं कोर्टाला पटवावी लागतात, नुसती भीती चालत नाही. प्लॉट विकला गेलाच, तर त्या पैशांचं काय केलं ते वारसांनी दाखवायचं. नाही दाखवलं तर तेवढ्या रकमेपुरते ते स्वतः अडकतात.

दाव्यात मुलाबरोबर वहिनी, लग्न झालेल्या मुली आणि मित्राची आई हयात असेल तर तीही, सगळ्यांना सामील करा. मुली राहून जातात, हा नेहमीचा घोळ.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक वारलं की उधारीच्या वहीत त्या नावावर ते आडवी रेघ मारायचे. तुम्हाला तशी मारायची असेल तर कायदा आड येत नाही. पण संकोचापायी मुदत घालवू नका. वहिनींच्या दारात जाणं नको वाटतं ना? मग वकिलाच्या नोटिशीआधी साधं पत्र टाका, चिठ्ठीची आणि पासबुकातल्या नोंदींची झेरॉक्स जोडून. कित्येकदा घरच्यांना खरंच ठाऊक नसतं. मूळ चिठ्ठी मात्र ‘जरा बघू द्या’ म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती देऊ नका. माझ्या एका अशिलानं दिली होती. ती परत आलीच नाही.