धुराड्याच्या सावलीतली झाडं : वाचकांचे प्रश्न

कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या, तिथे नोकरी करणाऱ्या आणि तिथे झाडं लावू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं साठली आहेत. झाडं लावली की हवा सुधारेल, ही आशा जवळपास प्रत्येक पत्रात आहे. ती मला मोडायची नाही. पण ती योग्य जागी रुजावी, असं मनापासून वाटतं. काही प्रश्न इथे घेतो.

आमच्या वसाहतीपासून कारखान्याचं धुराडं स्पष्ट दिसतं. मधल्या मोकळ्या जागेत आम्ही झाडं लावणार आहोत. हवेत किती फरक पडेल?

आधी एक गोष्ट नीट पाहा. तुमच्यापर्यंत येतंय ते नेमकं कुठून येतंय? उंच धुराड्यातून निघालेला धूर झाडांच्या शेंड्यांच्या कितीतरी वरून जातो आणि पुष्कळ अंतरावर खाली उतरतो. दहा-बारा मीटर उंचीच्या झाडांची आणि त्याची तिथे गाठच पडत नाही. पण कारखान्यातून आणखीही बरंच काही बाहेर पडत असतं. उघड्यावर रचलेल्या कोळशाच्या किंवा खडीच्या ढिगावरून उडणारी भुकटी, कच्च्या रस्त्यावरून ट्रक गेला की उठणारा धुरळा, माल भरता-उतरवताना होणारी धूळ. ही सगळी जमिनीलगत, माणसाच्या नाकाच्या उंचीवरून वाहते. झाडांचं खरं काम इथे आहे.

पान धूळ धरतं ती पृष्ठभागावर. वारा झाडोऱ्यात शिरला की मंदावतो, जड कण खाली बसतात, हलके कण पानांवर, देठांवर, सालीवर आपटून चिकटतात. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन यांसारखे वायू काही प्रमाणात पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, आत घेतले जातात. मोठ्या धुळीच्या बाबतीत हा परिणाम डोळ्यांना दिसतो. दाट पट्ट्याच्या अलीकडची आणि पलीकडची खिडकीची चौकट बोटाने पुसून बघा. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस याच्या सुमारे तीसपट जाड असतो. इतके बारीक कण हवेबरोबर पानाला वळसा घालून निघून जातात, त्यामुळे ते कमी अडकतात.

आकडा हवा असेल तर अमेरिकेतला एक मोठा अभ्यास सांगतो. डेव्हिड नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, २०१० या एका वर्षात त्या देशातल्या झाडांनी आणि जंगलांनी सुमारे १ कोटी ७४ लाख टन प्रदूषक हवेतून काढले, असा हिशेब मांडला आहे. त्यामुळे ८५० हून अधिक मृत्यू टळले असावेत, असंही त्यात म्हटलंय. पण हवेच्या गुणवत्तेतली सरासरी सुधारणा होती १ टक्क्यापेक्षा कमी. दोन्ही आकडे एकत्रच वाचायला हवेत. तो टक्का देशभराच्या सरासरीचा आहे. धुळीचा उगम आणि तुमचं घर यांच्या बरोबर मध्ये उभ्या असलेल्या पट्ट्याचा परिणाम त्याहून चांगला असू शकतो. चुकीच्या बाजूला उभा असेल तर मात्र काहीच मिळत नाही.

कोणती झाडं लावावीत? प्रत्येक जण वेगळी यादी देतो.

याद्या बाजूला ठेवा आणि पान हातात घ्या. खरबरीत, लव असलेलं, ठळक शिरांचं किंवा मेणचट पान धूळ चांगली धरतं. गुळगुळीत, लांब देठावर सतत हलणाऱ्या पानावरची धूळ वाऱ्याने पुन्हा उडते. एका मोठ्या पानापेक्षा दाट वाढलेल्या अनेक लहान पानांचा एकूण पृष्ठभाग जास्त भरतो. सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांची, झाडं धूळ पकडण्यात फार तरबेज असतात. मात्र त्यांची पानं वर्षानुवर्षं टिकतात आणि तितका काळ विषारी वायू सोसत राहतात, म्हणून गंधकाचा धूर असेल तिथे ती लवकर खंगतात.

दुसरा निकष म्हणजे पानगळ. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि धूर वर जाऊच शकत नाही. ज्या दिवसांत गरज सर्वाधिक, त्याच दिवसांत पट्टा निष्पर्ण उभा असेल तर मेहनत वाया गेली. निदान निम्मी झाडं सदाहरित हवीत.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. काही झाडं स्वतःच आयसोप्रीनसारखी बाष्पशील द्रव्यं हवेत सोडतात. निलगिरी, पॉपलर, विलो, ओकच्या अनेक जाती यात येतात. एरवी यात काही वाईट नाही. पण हवेत नायट्रोजन ऑक्साइड भरपूर असतील आणि ऊन कडक असेल, तर यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो फुप्फुसांना त्रास देतो. भट्ट्या, बॉयलर आणि ट्रकची वर्दळ असलेल्या ठिकाणी अशा एकाच जातीची शेकडो झाडं लावू नयेत.

आणि सहनशीलता? त्यासाठी एक निर्देशांक आहे. एस. के. सिंग आणि डी. एन. राव यांनी १९८३ मध्ये तो मांडला. पानातलं ॲस्कॉर्बिक ॲसिड (क जीवनसत्त्व), हरितद्रव्य, पानाच्या अर्काचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) आणि पानातल्या पाण्याचं प्रमाण अशा चार मोजमापांतून तो निघतो. अंक जितका मोठा, तितकं झाड प्रदूषणात तग धरणारं. निवड करताना मला तो उपयोगी वाटतो, पण त्याचा अर्थ लावताना एक चूक सर्रास होते. तग धरणं वेगळं आणि हवा साफ करणं वेगळं. एखादं झाड पर्णरंध्रं मिटून घेतं म्हणूनच टिकतं, आणि मग ते वायूही आत घेत नाही.

पट्टा किती रुंद असावा? एक ओळ चालेल का?

एक ओळ दिसायला छान असते. खाली उघडी खोडं आणि वर छत्री, अशा रांगेतून धूळ सरळ खोडांमधून निघून येते. झुडपं, मध्यम उंचीची झाडं आणि मागे उंच झाडं अशी जमिनीपासून शेंड्यापर्यंत भरलेली रचना करा. धुळीच्या बाजूला झुडपं ठेवा. जागा असेल तर दहा मीटरपेक्षा कमी रुंदीवर मी समाधान मानणार नाही.

पट्टा भिंतीसारखा गच्चही नको. वाऱ्याला अजिबात वाट मिळाली नाही तर तो वरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करून धूळ तिथेच टाकतो. वारारोधक पट्ट्यांच्या अनुभवावरून साधारण ४० ते ५० टक्के सच्छिद्रता चांगली मानली जाते. पट्ट्यातून पलीकडचा उजेड दिसावा, पण माणूस ओळखू येऊ नये, हा माझा सोपा अंदाज. अशा पट्ट्यामागे त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी वारा ठळकपणे मंद राहतो.

वाऱ्याची दिशा वर्षभर एकच नसते. जवळच्या हवामान केंद्राकडून महिनावार नोंदी मिळवा आणि पावसाळ्याचे महिने बाजूला काढून उरलेले पाहा, कारण पावसात धूळ मुळात कमी उडते.

एक इशारा. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर, जिथे जड वाहनं रांगेत उभी असतात, तिथे वर कमान करणारी मोठी झाडं लावू नका. त्या छताखाली वाहनांचा धूर कोंडतो आणि खालच्या माणसांच्या श्वासात जास्त जातो. तिथे कमरेइतकं दाट कुंपण जास्त कामाचं.

मी एका कारखान्यात सुरक्षा आणि पर्यावरण विभाग पाहतो. आमच्याकडे जागा कमी आहे. मियावाकी पद्धतीचं घनवन करावं का?

तुम्हाला एक गंमत वाटेल. अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाची ही पद्धत कारखान्यांच्या आवारातच वाढली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या पोलाद कारखान्यांभोवती त्यांनी असे पट्टे उभे केले. मंदिरांभोवती टिकून राहिलेल्या जुन्या राया पाहून त्यांनी त्या-त्या जागेच्या मूळ जाती शोधल्या, माती सुधारली आणि एका चौरस मीटरमध्ये तीन ते पाच रोपं लावली. रोपं उजेडासाठी स्पर्धा करत झपाट्याने वर जातात.

धुळीच्या पट्ट्यासाठी ही घनता चांगलीच. पण तिचा गाभा दाटीत नसून मूळ जातींच्या मिश्रणात आहे. रोपवाटिकेत मिळतील त्या शोभेच्या जाती दाटीने लावून तिला मियावाकीचं नाव दिलेलं मी पाहिलंय, ते पाचव्या वर्षी खालून पोकळ होतं. आणखी एक म्हणजे ज्वलनशील टाक्या, उच्चदाबाच्या तारा आणि अग्निशमनाची वाट यांपासून घनवन लांबच ठेवा. वाळलेला पाचोळा त्यात भरपूर साठतो.

अंगणातल्या झाडांची पानं कडेने जळाल्यासारखी दिसतात. हे कारखान्यामुळेच का?

असेलही, पण खात्री करून घ्या. फ्लोराइडमुळे पानांची टोकं आणि कडा करपतात. विटांच्या भट्ट्या, ॲल्युमिनियम आणि फॉस्फेट खतांचे कारखाने हे त्याचे नेहमीचे उगम. सल्फर डायऑक्साइडमध्ये शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग फिकट पांढरट होतो. ओझोनने पानाच्या वरच्या बाजूवर बारीक ठिपके उमटतात. मात्र खारं पाणी, मुळांना पडलेला ताण किंवा खताचा अतिरेक झाला तरीही कडा जळतात.

म्हणून एकाच झाडावरून निष्कर्ष काढू नका. वाऱ्याच्या दिशेत कारखान्यापासून दूर जात चार-पाच ठिकाणी त्याच जातीची झाडं पाहा. खुणा अंतराबरोबर कमी होत गेल्या, तर संशयाला आधार मिळतो. ग्लॅडिओलसची काही रोपं लावून पाहायला हरकत नाही. फ्लोराइडची सर्वात आधी तक्रार करणाऱ्यांत ते आहे. झाडांच्या खोडांवरचं दगडफूलही (लायकेन) पाहा, खराब हवेत ते टिकत नाही. १८६६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी पॅरिसमध्ये नोंदवलं होतं की, लक्झेंबर्ग बागेत टिकून असलेली दगडफुलं शहरात इतरत्र नाहीशी झाली आहेत. हवा वाचण्याची ही रीत आजही चालते. फोटो, तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. प्रदूषण नियंत्रण यंत्रणेकडे जाताना अशा वहीला वजन असतं.

रात्री ऑक्सिजन देणारी झाडं लावली तर?

प्रकाशाशिवाय कोणतंही झाड ऑक्सिजन तयार करत नाही. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, पण ऑक्सिजन सोडतात दिवसाच. तसंही कारखान्याशेजारच्या हवेत ऑक्सिजनची टंचाई नसते. त्रास होतो तो त्यात मिसळलेल्या धुळीचा आणि वायूंचा.

पट्ट्यातल्या झाडांची फळं खावीत का? पाचोळ्याचं खत भाजीला घालावं का?

शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांच्याशी संबंध असलेला कारखाना असेल, तर दोन्ही टाळा. पानांनी धरलेली धूळ पावसाबरोबर आणि पाचोळ्याबरोबर मातीत उतरते आणि जड धातू तिथेच राहतात. कंदमुळं आणि पालेभाज्या यांत त्यांचा धोका जास्त. या पट्ट्यात खाण्याची झाडं मुळातच लावू नयेत, कारण मुलं हात लावणारच. पाचोळा पट्ट्यातच कुजू द्या. तो जाळणं म्हणजे वर्षभर पकडून ठेवलेलं एका संध्याकाळी परत हवेत सोडणं.

कारखाना म्हणतो, ‘आम्ही हजारो झाडं लावली, आता तक्रार कशाला?’ यावर काय बोलावं?

त्यांना कॅनडातल्या सडबरीची गोष्ट सांगा. निकेल आणि तांब्याच्या खनिजातून धातू काढताना निघालेल्या गंधकाच्या धुराने तिथल्या टेकड्या काळ्याठिक्कर, उघड्या पडल्या होत्या. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंचीचं धुराडं सुरू झालं. शहरातली हवा सुधारली, पण गंधक फार लांबवर पसरू लागलं. १९७८ पासून लोकांनी त्या आम्लधर्मी जमिनीवर हातांनी चुन्याची भुकटी पसरवली, गवत पेरलं, रोपं लावली. आजवर तिथे १ कोटीहून जास्त झाडं लावली गेली. ती जगली, कारण त्याच काळात गंधकाचं उत्सर्जन टप्प्याटप्प्याने ९० टक्क्यांहून जास्त कमी केलं गेलं. आधी हवा सुधारू लागली, मग झाडं धरली.

म्हणून कारखान्याला चार गोष्टी विचारा. धुरातली धूळ पकडणारा बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांची गाळणी) किंवा ईएसपी (विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारं यंत्र) चोवीस तास चालू असतो का, की रात्री बंद होतो? वायूंसाठी स्क्रबर, म्हणजे ते धुऊन काढणारं यंत्र, आहे का? कोळशाचे ढीग झाकलेले आहेत का? आतले रस्ते पक्के आहेत का, ट्रकची चाकं धुतली जातात का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. त्या आकड्याजवळ नुसत्या हरितपट्ट्याने कोणी पोहोचलेलं नाही. झाडं हवीतच, पण या चार उत्तरांनंतर.

दर पावसाळ्यात आम्ही रोपं लावतो आणि उन्हाळ्यात निम्मी मरतात. चुकतंय कुठे?

बहुधा मातीत. कारखान्याभोवतीची जमीन भरावाची असते. राख, विटांचे तुकडे, काँक्रीट, आणि त्यावरून फिरलेले ट्रक. पहार मारून पाहा. एक फूटही जात नसेल तर मुळंही जाणार नाहीत. खड्डा मीटरभर रुंद घ्या, तळ फोडा, चांगली माती आणि कुजलेलं शेणखत भरा. सिमेंटच्या धुळीने माती अल्कधर्मी होते, तेव्हा सामू आधी तपासा.

फार मोठी रोपं आणू नका. गुडघ्याएवढं, मुळं पिशवीत गोल न फिरलेलं रोप तीन वर्षांत पुरुषभर उंच रोपाच्या पुढे जातं. आळ्यावर चार बोटं पाचोळ्याचं आच्छादन घाला, पण खोडाला टेकू देऊ नका. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. रोज थोडंथोडं दिलं की मुळं वरच राहतात. सिमेंटच्या धुळीचा पापुद्रा पानांवर बसला असेल, तर कोरड्या दिवसांत महिन्यातून एखाद-दोन वेळा पहाटे पाण्याचा फवारा मारा, म्हणजे पर्णरंध्रं मोकळी होतात. आणि यंदा किती लावली हे फलकावर लिहू नका. तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी आज किती उभी आहेत, तो आकडा लिहा.