कृष्णेच्या काठाने, एकेक दिवस

प्रश्न : जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस वाईला नातलगांकडे उतरणार आहोत. बरोबर ७४ वर्षांची आई आहे, तिचे गुडघे दुखतात. शिवाय नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं. गाडी आहे. सगळे म्हणतात, प्रतापगड, महाबळेश्वर, पाचगणी एका दिवसात उरकून टाका. संध्याकाळी सातच्या आत घरी परतता येईल आणि आईलाही त्यात काही मिळेल, असं काय सुचवाल?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : ताई, आईंच्या गुडघ्यांचं आधी लिहिलंत ते फार बरं केलंत. मी वाईत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाले त्या वर्षी माझ्या आईला मी असाच एक दिवस दाखवला होता. सकाळी प्रतापगड, मग महाबळेश्वरचे पॉइंट, उतरताना पाचगणी आणि शेवटी मेणवली. मेणवलीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दिवसभर गाडीच्या काचेतूनच बघत होती आणि घाटाच्या पायऱ्या अंधारात तिला उतरवता आल्या नाहीत. ‘पाण्यात पाय तरी बुडवले असते,’ एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून मी कुणालाही एका दिवसात दोनाच्या वर ठिकाणं सांगत नाही.

तुमचे तीनही दिवस मी कृष्णेला देईन.

पहिल्या दिवशी मेणवली आणि धोम. मेणवली वाईपासून तीन किलोमीटरवर आहे, तेव्हा सकाळी आठ-साडेआठलाच घाटावर पोचा. थंडीत त्या वेळी नदीवर धुकं असतं आणि माणसं कमी. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा अगदी घाटाला लागून आहे. वाडा खासगी मालकीचा असल्यामुळे आत सोडतात का, हे आदल्या दिवशी नातलगांना विचारायला सांगा. बंद असला तरी मन खट्टू करू नका, इथला खरा ऐवज घाट आहे. पायऱ्या दगडी आणि काही ठिकाणी उंच आहेत. आईंना एका बाजूने हात द्या, मध्ये बसू द्या, घाई करू नका. अर्ध्यावर थांबल्या तरी नदी समोरच आहे.

मुलांना मात्र मेणेश्वराच्या देवळाजवळच्या घंटेपाशी न्या आणि काही न सांगता ती नीट बघायला सांगा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. देवळात ही घंटा कशी, हा प्रश्न त्यांनाच पडू द्या. मग सांगा, की १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. माझ्या वर्गातल्या मुलांना वसईची मोहीम पुस्तकातून कधी लक्षात राहिली नाही, पण या घंटेपाशी उभं राहून ऐकली त्यांना ती राहिली.

तिथून धोम. गावातल्या धोमेश्वराच्या देवळासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे. त्यात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलेलं असलं की कासव नंदीला घेऊन पोहत निघाल्यासारखं दिसतं. इथे चढउतार फारसा नाही, आई निवांत बसू शकतील. वाटेत शेतांकडे लक्ष असू द्या. वाई हा हळदीचा मुलूख आहे आणि जानेवारीत हळदीची काढणी सुरू होते. कुठे हळद शिजत असली तर तिचा वास गाडीत बसल्या जागी येतो. तिथे गाडी थांबवा, विचारून बघायला जा. आपल्या कामाबद्दल कुणी आस्थेनं विचारलं, तर शेतकरी सहसा नाही म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या दिशेने लिंब. महामार्गापासून थोडं आत, शेरी लिंबला बारा मोटांची विहीर आहे. मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर आणायचं चामडी पात्र. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ दिलेला आहे, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. खोली ११० फूट, व्यास ५० फूट आणि आत उतरल्यावर विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल. खांबांवर कोरीव काम, भिंतीत व्याघ्रशिल्पं. मुलं अवाक होतील. तुमच्या आईंनी लहानपणी मोट पाहिलेली असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर या दिवशी मार्गदर्शक त्याच. बैल धावेवरून उतरले की मोट कशी वर येते, थारोळ्यात पाणी कसं ओतलं जातं, नाडा कशाला म्हणतात, हे सगळं काठावर उभं राहून त्यांना सांगू द्या. तेरा वर्षांच्या मुलाला ते कुठल्याही फलकावर वाचायला मिळणार नाही. काठाजवळ धाकट्याचा हात मात्र सोडू नका.

ऊन उतरल्यावर संगम माहुली. इथे वेण्णा कृष्णेला मिळते. जुनी देवळं आहेत, घाट आहे आणि शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधीही आहे. मुलांना हीच सर्वांत आवडते, असा माझा अनुभव आहे. पण मला तिथे न्यायचं आहे ते संगमासाठी. या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्याच डोंगरावर उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून उतरतात आणि इथे पुन्हा भेटतात. हे लक्षात ठेवून तिसऱ्या दिवशी वर चढा.

होय, महाबळेश्वरला जा, पण बाजारात आणि पॉइंटांवर नको. थेट क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं महाबळेश्वर. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्यांचा उगम मानतात आणि गोमुखातून पाणी पडत असतं. तिथे मुलांना विचारा, परवा आपण पाय बुडवले ते पाणी कुठलं? अरबी समुद्र इथून सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटरवर आहे. सावित्री तिकडेच जाते. कृष्णा मात्र पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. भूगोलाच्या तासाला हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन! पण गोमुखाच्या धारेखाली ओंजळ धरून म्हणताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

जाताना पसरणी घाटात सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा. खाली धोमचा जलाशय आणि पहिल्या दिवशी फिरलात ते खोरं एका नजरेत दिसतं. आईंना ते दाखवायला विसरू नका.

प्रश्न : कासची फुलं बघायला नेमकं कधी जावं? मागच्या वेळी गेलो तर नुसतं गवत आणि गर्दी.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, शक्यतो सोमवार ते शुक्रवार आणि आधी नोंदणी करूनच. बहर पावसावर अवलंबून असतो, त्यामुळे निघण्याआधी साताऱ्यात कुणाला तरी विचारून घ्या. पण ‘नुसतं गवत’ दिसलं, त्याला दुसरंही कारण असू शकतं. कासला वाकून बघावं लागतं. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, मातीचा थर अगदी पातळ, म्हणून बरीचशी झाडं वितभरसुद्धा उंच होत नाहीत. सीतेची आसवं हे निळंजांभळं फूल तर नखाएवढं. मातीत पोषण कमी, म्हणून ही वनस्पती ओल्या मातीतले सूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत पकडून जगते. हे कळल्यावर तिच्याकडे बघण्याची नजरच बदलते. एक भिंग बरोबर न्या. आणि हात जोडून सांगते, फोटोसाठी कुंपण ओलांडून आत बसू नका. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारसा ठरलं, पण पायाखाली दबलेली माती कुठल्याही यादीमुळे पूर्ववत होत नाही.

प्रश्न : मी विद्यार्थिनी आहे, गाडी नाही, एकटीच येणार. एसटीने एका दिवसात काय बघता येईल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाळ, तू वाई पायीच बघ. स्टँडवरून गणपती आळीच्या घाटावर जा. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. दर्शन झालं की देवळाच्या मागे जाऊन भिंत बघ, ती माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर आपटून दुभंगावं आणि दोन्ही बाजूंनी निघून जावं, म्हणून. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या देवळातला नंदीही चुकवू नकोस.

पुढे वाचनाची आवड असेल तर पाचगणीची एसटी धर आणि तिथून आठेक किलोमीटरवर भिलारला जा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. गावकऱ्यांच्या घरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत आणि तिथे बसून वाचता येतं. एखाद्या घरात जा, एक पुस्तक घे आणि दोन तास तिथेच बस. पाचगणीला उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ नियंत्रकांना विचारून वहीत लिहून ठेव आणि ती वेळ घरीही कळव.