शिक्षकांची सेवाविषयक कामं तालुक्यातच झालेली बरी की जिल्ह्याला?

नागपूर जिल्हा परिषदेच्या बहुतेक शिक्षकांचं मत तालुक्याच्या बाजूनं असतं, आणि ते रास्त आहे. भिवापूर किंवा नरखेडच्या शिक्षकाला एका नोंदीसाठी नागपूर गाठायचं म्हणजे रजाच टाकावी लागते, अन् दोनशिक्षकी शाळेत तेवढ्यानं वर्ग उघडा पडतो. सेवापुस्तक, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, पंचायत समितीत असतं, शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीतलं वेतन देयकही मुख्याध्यापकाकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातं. इथवर ठीक.

नाराजी आहे ती अधिकारांच्या अर्धवट वाटपावर. १२ वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव तालुक्यात तयार होतो, मंजुरी मात्र जिल्ह्यातून. एक कागद कमी निघाला की फाइल परत खाली येते. तालुक्यात लिपिकच कमी असेल तर अधिकार देऊन काय फायदा?

सगळ्यात जास्त अडतं ते बदली होऊन तालुका बदलल्यावर. अंतिम वेतन प्रमाणपत्र, सेवापुस्तक आणि शालार्थमधली कार्यमुक्ती (जुन्या शाळेतून मोकळं केल्याची नोंद), यातलं एक जरी मागं राहिलं तरी पगार थांबतो. म्हणून कार्यमुक्त होतानाच तिन्हींचा लेखी अर्ज द्या आणि अर्ज मिळाल्याचा आवक क्रमांक घ्या. दुय्यम सेवापुस्तक (त्याची दुसरी प्रत) स्वतःजवळ ठेवा, वार्षिक वेतनवाढीनंतर मूळ प्रतीशी ताडून पाहा. सेवा पडताळणीची, म्हणजे नोंदी तपासल्याची, सही राहून गेली असेल तर ती निवृत्तीवेतनाच्या वेळी हमखास आडवी येते.