‘रन’ म्हणजे नुसतं धावणं नव्हे

तुमचा प्रश्न असा की ‘रन’ म्हणजे धावणे, तर मग ‘ही रन्स अ शॉप’ या वाक्यात धावतंय कोण? आणि असे लाक्षणिक अर्थ पाठ तरी किती करायचे?

पाठांतराच्या वाटेला जाऊच नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या नव्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत. संपादक पीटर गिलिव्हर यांना ती एक नोंद लिहायला नऊ महिने लागले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, तीही माणसं हे सगळं घोकत बसत नाहीत. त्यांच्या मनात मुळातली एक कल्पना पक्की असते. आपण तीच धरायची.

ती कल्पना म्हणजे वाहणं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे पूर्वज पाणी वाहण्यालाही वापरत आणि माणसाच्या पळण्यालाही. जर्मनमध्ये आजही ‘रिनन’ म्हणजे वाहणे आणि ‘रेनन’ म्हणजे पळणे, असे दोन सख्खे शब्द आहेत. इंग्रजीत दोन्ही कामं एकट्या ‘रन’वर आली. म्हणून ‘द रिव्हर रन्स’ किंवा ‘माय नोज इज रनिंग’ यांना लाक्षणिक म्हणणं मला मुळीच पटत नाही. सर्दीत नाक वाहतं, त्यात अलंकार कसला? नवी लाल ओढणी पांढऱ्या सदऱ्याबरोबर भिजवली आणि सदरा गुलाबी झाला, तर ‘द कलर हॅज रन’ म्हणतात. तिथेही रंग खरोखरच पाण्याबरोबर वाहत गेलेला असतो.

आता तुमच्या दुकानाकडे येऊ. मराठीत ‘चालणे’मध्ये ‘व’ घातला की ‘चालवणे’ होतं. दुकान चालतं, तो दुकान चालवतो. इंग्रजीला इथे असा ‘व’ लागत नाही. ‘रन’च्या पुढे कर्म आलं की बहुतेक वेळा चालवण्याचा अर्थ होतो. म्हणजे तुमच्या वाक्यात तो माणूस धावत नाही, तो दुकान चालतं ठेवतो. हे एवढं लक्षात आलं की निम्मं कोडं सुटतं. पंप डिझेलवर चालतो, नाटक वर्षभर चाललं, दोन गावांमध्ये एसटी चालते, या सगळ्या ठिकाणी ‘रन’ बिनदिक्कत बसतो. निर्जीव वस्तूच्या बाबतीत आपण जिथे ‘चालणे’ म्हणतो, तिथे इंग्रज पुष्कळदा ‘रन’ म्हणतो.

पण हा नियम डोळे मिटून लावू नका. ‘मी गाडी चालवतो’साठी ‘आय रन अ कार’ म्हणालात, तर ऐकणारा समजेल की तुम्ही गाडी बाळगता, तिच्या पेट्रोलचा, विम्याचा, दुरुस्तीचा खर्च सोसता. स्टिअरिंग हातात असेल तेव्हा ‘ड्राइव्ह’च हवं. आणि आपलं लाडकं ‘चालेल’ तर ‘रन’मध्ये अजिबात मावत नाही, तिथे ‘दॅट विल डू’ म्हणायचं.

‘रन आउट’ मात्र शिकणाऱ्यांना हमखास अडवतं, कारण क्रिकेटमुळे आपल्या डोक्यात आधी धावबाद येतो. ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध संपलं. टाकीतलं पाणी वाहून टाकी रिकामी व्हावी, तसं डोळ्यांसमोर आणा. मग वेळ, पैसा, सबबी, संयम, काहीही ‘रन आउट’ होऊ शकतं हे आपोआप पटतं. यात कर्ता मात्र नीट बघा. ‘द मिल्क हॅज रन आउट’मध्ये दूध कर्ता आहे, म्हणून ‘ऑफ’ नाही. ‘वी’ कर्ता झाला की ‘ऑफ’ आलाच.

‘रन इनटू’ म्हणजे आदळणंही आणि अचानक गाठ पडणंही. सोबतच्या शब्दांवरून ते कळतं. भिंत असेल तर आदळणं, जुना वर्गमित्र असेल तर बहुधा गाठ!

निवडणुकीचं तेवढं वेगळं. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो. अमेरिकी बातम्या वाचत असाल तर ‘शी इज रनिंग फॉर मेयर’चा अर्थ ती महापौरपदाची निवडणूक लढवते आहे असा घ्या. महापौरांसाठी ती पळापळ करते आहे, असा नव्हे.