पेरोव्हस्काइट सौरघटांवरचे जगभरातले संशोधन मोजायचे कसे?

कोणता देश पेरोव्हस्काइट सौरघटांवर (म्हणजे पेरोव्हस्काइट या खनिजासारखी स्फटिकरचना असलेल्या पदार्थाच्या थरातून सूर्यप्रकाशाची वीज करणाऱ्या घटांवर) किती संशोधन करतो आणि कोण कोणाबरोबर करतो, हे शोधनिबंधांच्या सशुल्क संग्रहांची वर्गणी न भरता मोजता येईल का, असे आपण विचारले आहे. येते, पण त्यात मेहनत आहे. मी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. जुलैत आमच्या प्रयोगशाळेतले सिलिका जेलचे निळे खडे दोन दिवसांत गुलाबी होतात, आणि याच दमट हवेत या घटांमधला प्रकाश शोषणारा काळपट थर विघटित होऊन पिवळे लेड आयोडाइड मागे उरते. त्यामुळे हा विषय विद्यार्थ्यांना जवळचा वाटला आणि ओपनअ‍ॅलेक्स या शोधनिबंधांच्या विनामूल्य माहितीसंग्रहातून आम्ही ही मोजणी करून पाहिली.

सर्वांत जास्त वेळ शोधशब्द ठरवण्यात गेला, आणि तो तसाच जायला हवा. पेरोव्हस्काइट हे मुळात १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या खनिजाचे नाव असल्याने नुसता तो शब्द टाकला, तर सिरॅमिक आणि अतिवाहकांवरचे निबंधही जाळ्यात येतात. उलट ‘पेरोव्हस्काइट सोलर सेल’ एवढाच शब्दसमूह शीर्षकात शोधला, तर ज्या निबंधाने ही शाखा सुरू झाली तोच निसटतो, कारण ३.८ टक्के कार्यक्षमता नोंदवणाऱ्या मियासाका आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या त्या निबंधाच्या शीर्षकात ‘फोटोव्होल्टाइक सेल्स’ असे शब्द आहेत. म्हणून पर्यायी संज्ञा जोडाव्यात आणि हाती आलेल्यांपैकी शंभरेक निबंध स्वतः डोळ्यांखालून घालावेत.

पुढचा प्रश्न श्रेयाचा. पाच लेखकांपैकी तीन भारतातले आणि दोन जपानमधले असतील, तर पूर्ण मोजणीत दोन्ही देशांना एकेक निबंध मिळतो; लेखकांनुसार वाटून मोजल्यास भारताला ०.६ आणि जपानला ०.४. देशांची तुलना करायची असेल तर मला दुसरी पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण पहिलीत बेरीज एकूण निबंधांपेक्षा जास्त होते.

सहकार्यासाठी संयुक्त निबंधांचा नुसता आकडा फसवा असतो. समजा, प्रत्येकी १०,००० निबंध असलेल्या दोन देशांचे २०० निबंध संयुक्त आहेत, आणि १०,००० व १०० निबंध असलेल्या दुसऱ्या जोडीचे ५०. संयुक्त संख्येला दोन्ही एकूण संख्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागले, की पहिल्या जोडीला ०.०२ आणि दुसरीला ०.०५ मिळतात, म्हणजे घट्ट नाते दुसऱ्या जोडीचे आहे.

संस्थांच्या पातळीवर उतरलात, तर पत्ते हातानेच तपासावे लागतील. मुंबई विद्यापीठ इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते, त्यात जुने ‘बॉम्बे’ही असते, आणि रत्नागिरीतल्या संलग्न महाविद्यालयाचा निबंध कधी महाविद्यालयाच्या नावावर जातो, तर कधी विद्यापीठाच्या. हे संग्रह रोज वाढत असल्यामुळे प्रत्येक आकड्याशेजारी शोधशब्द, मोजणीची पद्धत आणि माहिती उतरवून घेतल्याची तारीख अवश्य लिहा.